मंदीची चाहूल

शेअर बाजार पडला म्हणजे मंदी येणार का, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६६ साली 'न्यूजवीक'मधील आपल्या सदरात त्यावर एक टोमणा मारला होता. मागल्या पाच मंद्यांपैकी नऊ मंद्या वॉल स्ट्रीटने आधीच ओळखल्या, असा त्याचा मथितार्थ. हा टोमणा नुसता विनोद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. अमेरिकेतली पुढची मंदी सुरू झाली ती जुलै १९९० मध्ये. २०२२ साली तिथला बाजार जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे पंचवीस टक्के उतरला आणि मंदी आलीच नाही. उलट ज्या १९२९ चे नाव घेतल्यावाचून पडझडीची कोणतीच चर्चा पुरी होत नाही, त्या वर्षीची मंदी ऑगस्टमध्येच सुरू झाली होती, असा तिथल्या मंद्यांच्या तारखा ठरवणाऱ्या संस्थेचा हिशेब आहे. बाजार कोसळला ऑक्टोबरात. म्हणजे पाहुणा घरात येऊन पाय धुऊन बसल्यावर कावळा ओरडला.

हा प्रश्न आम्हांला विचारला गेला तो मात्र वॉल स्ट्रीटपासून बराच दूर. आम्ही वाशीमचे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच, हे सांगण्याचा मोह वाशीमकराला आवरत नाही, तो आम्हांलाही आवरला नाही. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. नीती आयोगाने २०१८ साली देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातून जे चार जिल्हे निवडले गेले त्यांत वाशीम होते. कारखाने नाहीत म्हणावे इतके थोडे. खरिपात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि मधून मधून तुरीच्या ओळी. इथे 'बाजार' म्हटले की माणसाला बाजार समितीचा ओटा आठवतो, दलाल स्ट्रीट नव्हे.

तर २०२५ च्या मार्चचा पहिला आठवडा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ८६ हजारांना टेकू पाहणारा सेन्सेक्स उतरत उतरत ७३ हजारांच्या आसपास आला होता. आमचा पुतण्या रिसोडकडच्या गावी वडिलोपार्जित जमीन कसतो. त्याच्या घरात चाळीस क्विंटल सोयाबीन भाव वाढण्याची वाट पाहत पडून होते, आणि मोबाइलात मुलीच्या नावाने महिना दोन हजारांची एसआयपी होती. काही कामाने वाशीमला आला तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने विचारले, "काका, मार्केट रोजच पडून रायलं. मंदी येते म्हन्तेत. सोयाबीन इकून टाकू का? अन् ते एसआयपी बंद करू का?"

एका दमात दोन प्रश्न, आणि दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले. ती खुंटी भिंतीत किती खोल गेली आहे, ते पाहणे आम्हांला भाग पडले. कारण चाळीस क्विंटल म्हणजे त्याच्या घरचे वर्ष होते.

पहिली अडचण शब्दाचीच. मराठीत 'मंदी' हा मुळात व्यापाऱ्यांचा शब्द. तेजी-मंदी ही जोडी पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिचा अर्थ एवढाच, की भाव चढले किंवा उतरले. सारा देश मिळून कमी बनवू लागतो, कमी विकत घेऊ लागतो, लोकांच्या हातचे काम जाते, या अवस्थेलाही आपण पुढे मंदीच म्हणू लागलो. त्यामुळे 'शेअर बाजार पडला, आता मंदी येणार' हे वाक्य मराठीत निम्मे पुनरुक्तीचे ठरते. बाजार पडणे हीच पहिल्या अर्थाची मंदी. आणि कास्तकाराच्या बाबतीत तर हे दोन अर्थ एकमेकांच्या अंगावर धावून येतात. पीक उदंड आले की भाव पडतो. उत्पादन वाढलेले असते, म्हणजे तक्त्यांत भरभराट. आणि हर्रासीच्या ओट्यावर मंदी. पुतण्याच्या मनात यांतली कोणती मंदी होती, हे त्यालाही सांगता आले नसते.

वऱ्हाडाचा आणि मुंबईच्या शेअर बाजाराचा संबंध जुना आहे, आणि तो सुरू झाला तो इकडून तिकडे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. इथल्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला, आणि त्या पैशाच्या लोंढ्यावर मुंबईत बँका व समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या अळंब्यांसारख्या उगवल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरवर पन्नास हजारांपर्यंत अधिमूल्य चढले होते, असे सांगतात. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. कापूस घसरला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस, आणि त्या दिवशी भल्याभल्यांना पैसे देता येईनात. प्रेमचंद रायचंदांसारखा माणूस त्यात बुडाला. १८६८ साली जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली. क्रम ध्यानात घ्यावा. आधी लढाई संपल्याची बातमी, मग कापसाचा भाव, मग शेअर. त्या वेळी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने शेअर बाजाराकडे पाहून कापसाचे काय होणार ते ठरवले असते, तर तो वरातीमागून निघालेल्या घोड्यावर बसला असता.

तेवढ्याने गोष्ट संपली नाही. कापसाच्या तेजीच्या काळात सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली होती; तेजी ओसरली तसे ते हात आवळले गेले. सारावाढ आणि इतर कारणे होतीच, पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली, तिच्यामागे या आवळलेल्या हातांचाही वाटा होता. मुंबईतल्या पडझडीनंतर दहा वर्षांनी. इतक्या उशिरा पोचणाऱ्या गोष्टीला चाहूल म्हणावे की परिणाम, हे वाचकांनी ठरवावे.

आता आपल्या देशाच्या मंद्यांकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर भारताची अर्थव्यवस्था वर्षभराच्या हिशेबात आकसली ती पाच वेळा: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. १९७२-७३ ची घट किंचित. १९७९-८० ची पाच टक्क्यांहून थोडी अधिक. पहिल्या चारही वेळी पावसाने दगा दिला होता, शेवटच्या वेळी त्यात खनिज तेलाच्या दरवाढीची भर पडली. मुंबईत शेअर बाजार तेव्हाही होता, पण त्याच्याकडे पाहून कोणी मंदीचा अंदाज बांधत नसे. सेन्सेक्सचा तर जन्मच १९८६ चा. १९७८-७९ हे त्याचे आधारवर्ष मागाहून धरलेले. देशाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीचा शेअर कोणत्याच बाजारात नोंदलेला नाही.

१९७२ आम्हांला आठवते. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असू. घरची बैलजोडी विकली गेली ती त्या वर्षी. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया संध्याकाळी सुकडीच्या पुड्या घेऊन परतत, आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीला जो एक वास असे तो आमच्या पिढीच्या नाकातून अजून गेलेला नाही. मंदीची चाहूल कशी असते हे आम्ही पाहिले ते वडिलांच्या मानेत. मृग गेला, आर्द्रा निघाल्या. वडील दुपारी ओसरीवर येत, आभाळाकडे मान वर करून उभे राहत, आणि काही न बोलता आत जात. आईने त्याच आठवड्यात ज्वारीचे माप बदलले. पायलीच्या हिशेबात ती किती घट झाली ते आम्हांला ठाऊक नाही. पानात किती झाली ते ठाऊक आहे. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आणला.

असो. सेन्सेक्स जन्मल्यावर तरी वाशीमचे सुखदुःख त्याला कळू लागले का? २००६ हे वर्ष घ्या. फेब्रुवारीत सेन्सेक्सने पहिल्यांदा दहा हजारांचा टप्पा ओलांडला. वृत्तपत्रांत रंगीत आलेख आले. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कारण सर्वांना माहीत होते: इथे कास्तकार आत्महत्या करत होते. बाजाराच्या पडण्याने मंदी कळत नसेल तर बाजाराच्या चढण्याने सुबत्ता कळावी, असेही झाले नाही.

२००८ ची गोष्ट थोडी वेगळी. १० जानेवारी २००८ रोजी २१,२०६ वर गेलेला सेन्सेक्स २७ ऑक्टोबरला काही काळ आठ हजारांच्या खाली होता. भारताची अर्थव्यवस्था त्या वर्षी मंदावली, आकसली नाही. पण वाशीमला झळ लागली ती तिसऱ्याच वाटेने. शिकागोच्या बाजारात त्या जुलैत सोयाबीन बुशेलला, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोला, सोळा डॉलरच्या वर होते. डिसेंबरात ते आठच्या खाली आले. आमच्या ओट्यावरचे भावही त्या वाऱ्याने हलले. ज्याने आयुष्यात शेअर पाहिला नाही त्याच्या पोत्याला लेहमन ब्रदर्सचा धक्का बसला, हे नाकारता येणार नाही.

आणि २०२० आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तेही सांगितले पाहिजे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक पडला, आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसले. बाजार बरोबर ठरला. मात्र त्याने काही ओळखले असे म्हणवत नाही. गाड्या, दुकाने, कारखाने बंद होत होते आणि ते न्हाव्यापासून नायब तहसीलदारापर्यंत सर्वांना दिसत होते. गंमत पुढे आहे. त्याच तिमाहीत शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. आणि २७ नोव्हेंबरला दुसऱ्या तिमाहीचे आकडे येऊन मंदीवर शिक्कामोर्तब झाले, त्या महिन्यात सेन्सेक्सने ४४ हजारांचा टप्पा आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला होता.

मग पडझडीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि आमच्या मते तो उसनवारीत आहे. शेअर स्वतःच्या पैशांनी घेतले असतील तर पडझडीत घेणाऱ्याची झोप उडते, फार तर त्याचे घर थोडे काटकसरीने चालते. पण ते कर्जाने घेतलेले असतील, कर्ज देणाऱ्या बँकांचेच पैसे अडकले असतील, तर बँक आपला हात आवळते आणि तो आवळलेला हात शेवटी बियाण्याच्या दुकानापर्यंत पोचतो. १८६५ मध्ये ते झाले, २००८ मध्ये अमेरिकेत झाले. अर्थात हाही काही लोखंडी नियम नव्हे. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात बँकांचाच पैसा फिरवलेला होता. तरी १९९२-९३ मध्ये देशाची वाढ पाच टक्क्यांच्या वर राहिली. म्हणून बाजार किती अंकांनी पडला यापेक्षा तो कोणाच्या पैशाने चढला होता, हे विचारावे असे आम्हांला वाटते. वर्तमानपत्रात पहिला आकडा पहिल्या पानावर असतो. दुसरा शोधावा लागतो.

आणखी एक फरक पडला आहे तो आमच्या डोळ्यांदेखत. वाशीमला दलाल स्ट्रीटशी घेणे नव्हते, ते आता आहे. देशभरातून एसआयपीने महिन्याला जमा होणारी रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये पंचवीस हजार कोटींच्या पुढे गेली, तिच्यात पुतण्याचे दोन हजारही होते. आमची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, आणि ती त्यांतली. १४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा तीही त्यात होती. आम्हांला महिन्याच्या महिन्याला ठरलेले पेन्शन मिळते. तिच्या म्हातारपणाचा काही भाग कुठल्याशा फंडात असतो आणि तो रोज वरखाली होतो. ती त्या पडझडीच्या दिवसांत मोबाइल उघडून पाही आणि बंद करी. आम्ही तिला काय सांगणार? तिला अजून अठरा वर्षे नोकरी आहे. तितक्या काळात बाजार सावरतो असे आजवरचे आकडे सांगतात. पण एका घरात बापाचे म्हातारपण सरकारच्या शब्दावर आणि लेकीचे अंशतः निर्देशांकावर, हे आमच्या गळी उतरत नाही.

पुतण्याला आम्ही सांगितले ते एवढेच, की तुझे दोन प्रश्न दोन वेगळ्या खुंट्यांना टांग. सोयाबीनचा भाव ठरतो तो ब्राझीलच्या पिकावर, पेंडीच्या निर्यातीवर, कोंबड्यांच्या खाद्याच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ते शुल्क वाढवले होते, तरी भाव उठला नव्हता. हमीभाव ४,८९२ रुपये. हंगामात ओट्यावर त्याहून बरेच कमी मिळत होते. नाफेडच्या केंद्रावर ओलाव्याची अट बारा टक्क्यांची, ती पंधरावर नेली नोव्हेंबरात, तोवर अनेकांनी माल व्यापाऱ्याला घालून टाकला होता. आणि हे सारे केव्हा? सेन्सेक्स शिखरावर होता तेव्हा. तुझी मंदी सप्टेंबरातच सुरू झाली आहे बाबा, मुंबईची मार्चमध्ये येते की नाही त्याची वाट काय पाहतोस, असे आम्ही म्हणालो. तो हसला. हसण्यासारखे त्यात फारसे नव्हते.

शेवटी त्याने निम्मे सोयाबीन विकले, पण सेन्सेक्ससाठी नव्हे. मार्चअखेर होती आणि सोसायटीचे पीककर्ज भरले नाही तर व्याजाची सवलत जाणार होती. उरलेले जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर विकले. भावात सांगण्यासारखा फरक पडला नव्हता. एसआयपी त्याने चालू ठेवली. "पडलं तं सस्तं भेटते ना काका," हे त्याचे तर्कशास्त्र, आणि ते एखाद्या सल्लागाराहून वाईट नव्हते. मे महिन्यात सेन्सेक्स पुन्हा ८० हजारांच्या वर होता. त्या पडझडीमागून मंदी आली नाही. मेअखेर केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क मात्र कमी केले, ते वाचून त्याने आम्हांला मुद्दाम फोन केला. सेन्सेक्स चढल्याचा फोन काही त्याने केला नव्हता.

हवामान खात्याने १५ एप्रिल २०२५ रोजी सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. पडला १०८ टक्के. अंदाज म्हणून याहून चांगले काय असावे? पण ऑगस्ट-सप्टेंबरात तो असा कोसळला की शेंगा भरायच्या दिवसांत वावरात पाणी उभे राहिले. मराठवाड्याबरोबर वाशीमही त्यात सापडले. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पुतण्याच्या शेतात एकरी सात-आठ क्विंटलच्या जागी तीन निघाले, तेही डागी. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि भाव सांगितला. नव्या हंगामाचा ५,३२८ रुपयांचा हमीभाव त्या तळहातापासून फार लांब होता.

२७ नोव्हेंबरला सेन्सेक्स पहिल्यांदा ८६ हजारांच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे आकडे आले: देशाची वाढ ८.२ टक्के. पुतण्याचे सोयाबीन पाण्यात होते तीच ही तिमाही. मुलीची एसआयपी त्याने बंद केली ती त्याच आठवड्यात. खात्यात पैसे नसल्याने लागोपाठ दोन हप्ते परत गेले होते आणि बँकेने त्याबद्दल दंड कापला होता. या वेळी त्याने आम्हांला विचारले नाही, फोनवर नुसते कळवले, आणि मग हरभऱ्याच्या बियाण्याचे काही जमते का ते विचारले.